कॅमेरा, दोन नग

शेंद्रा एमआयडीसीत कुणालाही फोटो लागला की तो स्टेपनीमामांकडं येतो. बिहारहून कालच उतरलेल्या पोराला गेटपाससाठी पासपोर्ट साइजच्या आठ कॉप्या हव्या असतात, मॅनेजरला नव्या मशीनला हार घालतानाचा फोटो हवा असतो, कुंभेफळच्या एखाद्या आजोबांना नातवाच्या जावळाचा अल्बम हवा असतो. सगळ्यांची वाट एकाच दुकानाशी संपते. जालना रोडवरून वसाहतीकडं वळलं की डाव्या हाताला 'फोटो, झेरॉक्स, लॅमिनेशन' अशी पाटी दिसते. थोडं पुढं गेलं की उजव्या हाताला तीच पाटी पुन्हा दिसते. एक वाऱ्यानं पडली तर गिऱ्हाईक चुकायला नको.

स्टेपनी हे नाव टपरीवर चहा पिणाऱ्या, दिवसभर गाड्या जोडणाऱ्या पोरांनी ठेवलं. 2001 साली शेंद्र्यात स्कोडाचा कारखाना सुरू झाला, तेव्हापासून इथल्या पोरांना माणूस दिसला की आधी गाडीचा पार्ट आठवतो. मामींना मात्र हे नाव अजिबात आवडत नाही. का आवडत नाही, हे त्यांना विचारायची अजून कुणाची छाती झालेली नाही.

मामांचं वय पन्नाशीच्या पुढचं, अंग सडपातळ, शर्ट चार खिशांचा. वरच्या डाव्या खिशात निळा पेन, उजव्या खिशातही निळाच पेन. एक चष्मा नाकावर, दुसरा डबीत. मोबाईल दोन, आणि त्यांतली सिमकार्डं वेगवेगळ्या कंपन्यांची, कारण टॉवर काही सांगून बंद पडत नाही. मोटारसायकलच्या डिकीत पेट्रोलची बाटली असते. ती एकदा गळली, तेव्हापासून दोन असतात. शहरात लग्नाची ऑर्डर असली तर निघण्यापूर्वीच दोन रस्ते ठरतात. केंब्रिज चौकात तुंबलं तर झाल्टा फाट्यावरून. देवानंही माणूस ओळखून जुळी मुलं दिली. दवाखान्यात नर्सनं ही बातमी सांगितली तेव्हा सगळे चकित झाले, मामा फक्त 'बरं झालं' म्हणाले.

या सगळ्या जोड्यांमधली राजजोडी म्हणजे मामांचे कॅमेरे. गळ्यात कॅननचा 60डी, कमरेच्या पाऊचमध्ये कॅननचाच जी12. दोघंही 2010 साली बाजारात आले. मामा त्यांना थोरला आणि धाकटा म्हणतात. थोरला डीएसएलआर, 18 मेगापिक्सेलचा, भिंगासकट सव्वा किलोच्या आसपास. धाकटा 10 मेगापिक्सेलचा, चारशे ग्रॅमचा, भिंग अंगाचंच, काढायचं-घालायचं काम नाही. दोघांना एकच मेमरी कार्ड चालतं, एकच फ्लॅश दोघांच्याही डोक्यावर बसतो, दोघांचाही पडदा बाहेर वळतो, दोघंही रॉ फाइल देतात. फरक आहे तो आतल्या सेन्सरमध्ये. थोरल्याचा सेन्सर धाकट्याच्या आठपट मोठा, त्यामुळं अंधार पडला की धाकट्याच्या फोटोत रवा दिसायला लागतो. हे मामा लपवत नाहीत. उलट गिऱ्हाइकाला आधीच सांगतात, 'उजेड असंस्तोवर धाकटा थोरल्याला ऐकत न्हाई. दिवेलागण झाली की गुमान बसतो.'

'बॅकअपच पाहिजे तर दुसरा डीएसएलआर का नाही घेत?' असं त्यांना सगळेच विचारतात. मी कारखान्यात एचआरला आहे, खर्चाच्या कागदावर सही करणारा, त्यामुळं मीही विचारलं होतं. मामांनी शटर अर्धं ओढलं, मला स्टुलावर बसवलं आणि उत्तर दिलं.

'साहेब, दुसरा डीएसएलआर घेतला की तो दुसरा ऱ्हात न्हाई. त्याला दुसरी लेन्स लागती. मग ह्याच्यात लांबचं, त्याच्यात जवळचं, असे दोन्ही गळ्यात येतेत, दोन्ही कामाला लागतेत. मग एक बंद पडला की अर्धं काम बंद. त्याला काय बॅकअप म्हणायचं? बॅकअप म्हंजी ज्याच्यावाचून काहीच अडलेलं नाही, तो.'

हे बोलणं मला आमच्या जनरल मॅनेजरांना ऐकवावंसं वाटलं होतं. आमच्याकडं अशी बरीच माणसं बॅकअपला आहेत.

मामांच्या या स्वभावाला लोक हसतात. पण तो काही आभाळातून पडलेला नाही. ज्या शहराला जायकवाडीचं पाणी, आणि ज्या शहरात नळाला पाणी कधी येणार याची चर्चा गल्लोगल्ली चालते, तिथं राखीव साठा हा छंद नसतो, संस्कार असतो. गच्चीवर टाकी, टाकीखाली हौद, न्हाणीत ड्रम, स्वयंपाकघरात घागरी, घागरींवर तांबे, आणि एवढं करून भिंतीवर खिळ्याला टँकरवाल्याचा नंबर. वीज जाईल म्हणून इन्व्हर्टर, इन्व्हर्टर उतरेल म्हणून मेणबत्ती. दुष्काळात वाढलेला माणूस भरलेल्या हंड्याकडं बघूनही 'आणखी एक भरून ठेवा' म्हणतो. मामांनी एवढंच केलं, की घरातली ही रीत धंद्यात आणली.

आमच्या कारखान्यात मामा येतात ते वर्षातून ठरलेल्या दिवशी. 26 जानेवारी, 4 मार्चचा सुरक्षा दिन, 17 सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन आणि त्याच दिवशी उत्तरेकडच्या कामगारांची विश्वकर्मा पूजा, मग खंडेनवमी. गेटवर मोबाईलच्या कॅमेऱ्यांना स्टिकर लावतात, त्यामुळं खऱ्या कॅमेऱ्याची नोंद करताना गार्डसाहेब अंमळ जास्तच ताठ होतात. ते माजी सैनिक. एकदा रजिस्टरमध्ये सुवाच्य अक्षरात त्यांनी लिहिलं, 'कॅमेरा, 2 नग, परत नेणार.' मग मान वर केली.

'दोन कामून?'

'एक बंद पडला तर.'

'बंद पडणारा आणायचाच कशाला मग?'

'बंद पडणारा कोणता ते आधी कळत नसतंय ना, साहेब.'

गार्डसाहेबांना हे पटलं. त्यांनी पुढं लिहायला घेतलं. 'बॅटऱ्या?' चार. 'कार्ड?' सहा. 'फ्लॅश?' दोन. 'माणसं?'

'एकच.'

'आन् माणूस पडला तर?'

मामा त्या दिवशी काही बोलले नाहीत. पुढच्या वेळी आले ते बरोबर एक पोऱ्या घेऊन. नात्यातलाच, दहावी होऊन घरी बसलेला. गार्डसाहेबांनी त्याचीही नोंद केली.

कारखान्याच्या आत धाकट्याचं महत्त्व मलाही पटत गेलं. थोरला गळ्यात अडकवून चालत्या कन्व्हेयरजवळ वाकायला आमचा सेफ्टी ऑफिसर देत नाही, आणि त्याचं बरोबरच आहे. शिवाय ग्राइंडिंगच्या शेडमध्ये डीएसएलआरची लेन्स बदलायची म्हणजे हवेतली बारीक भुकटी कॅमेऱ्याच्या पोटात घ्यायची. मग सेन्सरवर ठिपके बसतात आणि अख्ख्या सुरक्षा सप्ताहातल्या प्रत्येक माणसाच्या कपाळावर, एकाच जागी, गोंदण उमटतं. धाकट्याचं पोट बंद. त्यातून तो एक सेंटिमीटरपर्यंत वस्तूच्या जवळ जातो. एकदा बाहेरून आलेल्या एका पार्टला केसाएवढी चीर गेली होती आणि पार्ट पुरवणारी कंपनी ती मानायला तयार नव्हती. मामांनी धाकट्याला त्या चिरेच्या पार नाकाशी नेलं, पडदा बाहेर वळवला, स्वतः उकिडवे बसले आणि असा फोटो काढला की ती चीर भेगाळलेल्या शेतागत दिसायला लागली. त्या कंपनीनं लॉट परत घेतला. मामांनी बिल लावलं ते मात्र थोरल्याचं. मी विचारलं तर म्हणाले, 'थोरला गळ्यात होता की. तो असल्यावर धाकट्याला धीर येतो.'

चैत्रात शेंद्रा कमंगरला मांगीरबाबाची यात्रा भरते. धूळ, गर्दी, नवसाची बोकडं, आणि माथ्यावर ऊन. तिथं मामा थोरल्याला दुकानातच ठेवतात. लोकांना नवस फेडतानाचा फोटो हवा असतो आणि तो लगेच हवा असतो. पण डीएसएलआर समोर आला की बाया पदर सारखे करतात, बाप्ये ताठ होतात आणि बोकड पळतो. धाकट्याला पाहून यातलं काहीच होत नाही. बोकडसुद्धा कॅमेऱ्याकडं बघत उभा राहतो.

संध्याकाळी काम संपलं की मामा टपरीवर येतात आणि मग पोथी सुटते. या पोथीतला एक अध्याय परदेशी आहे. मायकेल राइकमन नावाच्या फोटोग्राफरनं 2008 मध्ये जी10 या धाकट्याच्याच भाऊबंदाचे आणि हॅसलब्लाड या गाडीच्या मोलाच्या कॅमेऱ्याचे फोटो सारख्याच आकारात छापून मुरलेल्या मंडळींपुढं ठेवले, आणि कोणता कुठला ते त्यांना नीट ओळखू येईना. दुसरा अध्याय अलेक्स माजोलीचा. मॅग्नम या नामांकित संस्थेचा हा फोटोग्राफर ऑलिंपसचे खिशातले कॅमेरे घेऊन इराकच्या लढाईत हिंडला. 'लढाईत!' मामा बोट वर करून सांगतात. 'आन् तुमचे पाव्हणे साखरपुड्याला म्हणतेत, कॅमेरा लहान आहे.'

पण टपरीवर खरा रंगतो तो अजिंठ्याचा अध्याय. कारण तो आपल्या जिल्ह्याचा.

'1844 सालची गोष्ट,' मामा सुरू करतात. 'गिल नावाचा फौजेतला साहेब. त्याला हुकूम झाला, जा, अजिंठ्याच्या भिंतीवरची चित्रं उतरवून आण. हा इथं येऊन बसला. वर्षानुवर्षं चित्रं काढली. ती गेली लंडनला. तिथं क्रिस्टल पॅलेसमध्ये लावली. 1866 ला त्या पॅलेसला आग लागली, बहुतेक सगळी खाक.' इथं मामा चहाचा घोट घेतात. 'मग आला ग्रिफिथ्स. मुंबईच्या आर्ट स्कूलचा मास्तर. 1872 पासून पोरं घेऊन यायचा, पुन्हा सगळी चित्रं उतरवली. तीबी लंडनला. साऊथ केन्सिंग्टनच्या म्युझियमात ठेवली. 1885 ला तिथं आग. त्यातली बरीच गेली. आता सांगा. दोन-दोन टाइम आग लागती, आन् लोक मला विचारतेत, दोन कॅमेरे कशाला.'

सगळे माना डोलावतात. एकदा मात्र पेंटशॉपमधला एक तरुण, अजून नोकरीत कायम न झालेला, मध्येच बोलला.

'पण मामा, भिंतीवरची चित्रं कुठायत?'

'भिंतीवरच हायत की. लेणी कुठं जाणारंय?'

'म्हंजी ओरिजनल शाबूत आन् बॅकअप दोन्ही जळाले?'

टपरीवर शांतता पसरली. पोऱ्यासुद्धा मामांच्या तोंडाकडं बघायला लागला. मामांनी कप खाली ठेवला, चष्मा काढला, डबीतला दुसरा लावला.

'जळाले कारण एका गावात ठेवले,' ते म्हणाले. 'दोन्ही लंडनला. अरे, एक लंडनला आन् एक जालन्याला ठेवायचा. आन् गिल साहेब शहाणाच होता. चित्रं जळायच्या आधीच त्यानं कॅमेरा हातात घेतला होता. त्याच्या फोटोंचं पुस्तक 1864 लाच निघालं. त्याला ठावं होतं.'

त्या तरुणाचे चहाचे पैसे त्या दिवशी मामांनी दिले नाहीत.

इतकी तयारी केलेल्या माणसाचं एकच दुःख असतं. संकट येत नाही. थोरला काही केल्या बंद पडेना. पावसात भिजला, मांडवात हळदीनं माखला, डोहाळजेवणात ओट्यावरून खाली आला, तरी चालूच. कंपनीच्या हिशेबानं त्याचं शटर एक लाख क्लिकांचं. मामा पहिल्या दिवसापासून त्या लाखाकडं डोळे लावून होते. फोटोचा नंबर 9999 झाला की पुन्हा 0001 पासून सुरू होतो, म्हणून प्रत्येक फेरीला वहीत एक उभी रेघ. नऊ रेघा झाल्या तेव्हा मामा गंभीर झाले. दहावी रेघ जवळ आली तेव्हा लग्नाच्या ऑर्डरी घेताना गिऱ्हाइकाकडं एखाद्या आजारी माणसाबद्दल बोलावं तसं बोलू लागले. 'थोरल्याचं आता काय सांगता येत न्हाई. पण धाकटा आहे.' धाकट्याची बॅटरी रोज चार्ज, भिंग रोज पुसलेलं. एक लाखावा क्लिक एका बारशात झाला. मामा श्वास रोखून थांबले. थोरल्यानं खटॅक केलं, फोटो काढला, आणि पाळण्यातलं बाळ हसताना आलं. मामांनी तो फोटो मला दाखवला तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं त्याला आनंद म्हणता आलं नसतं.

अकरावी रेघ झाली. मग मामांनी रेघा मारायचं सोडलं. सोडलं, आणि दोन महिन्यांत थोरला गेला.

गेला तोही करमाड रोडवरच्या एका लॉनवर, गोरज मुहूर्तावर, अंतरपाट धरलेला असताना. आरसा वर गेला तो वरच राहिला आणि पडद्यावर 'एरर 30' अशी अक्षरं आली. मामांनी कॅमेरा बंद केला, बॅटरी काढली, घातली, चालू केला. एरर 30. लेन्स काढली, लावली. एरर 30. पोऱ्याच्या म्हणण्यानुसार मामांचा चेहरा त्या क्षणी उजळला होता. त्यांनी दीर्घ श्वास घेतला, कमरेचं पाऊच उघडलं आणि धाकटा बाहेर काढला.

इथंच सगळं बिघडलं. कारण मामांनी कॅमेऱ्याचा बॅकअप ठेवला होता, इज्जतीचा नव्हता.

नवरीचे चुलते, आबा, पुढं आले. आबांची जमीन वसाहतीत गेली होती, दारात दोन मोठ्या गाड्या उभ्या होत्या आणि लग्नात हत्ती आणायचा राहिला होता तो परवानगी मिळाली नाही म्हणून. इथल्या माणसाला डामडौलाचं काही शिकवावं लागत नाही. याच शहरानं 2010 च्या ऑक्टोबरात एका दमात दीडशे मर्सिडीज घेतल्या होत्या आणि देशभर बातमी झाली होती. त्या शहराच्या शिवारातल्या लग्नात आबांना फोटोग्राफरच्या हातात साबणाच्या वडीएवढा काळा डबा दिसला.

'मामा, हे डबडं काय काढलंय?'

'आबा, हा जी12. लढाईत असलेच...'

'लढाई गेली खड्ड्यात. आमी पैसे मोठ्या कॅमेऱ्याचे दिलेत. मोठ्यातच काढा. पाव्हणे बघायलेत.'

थोरला बंद पडला हे सांगायची सोय नव्हती. अंतरपाट धरलेला असताना कुणी काही 'बंद पडलं' म्हणत नाही. भटजींनी घसा साफ केला. मामांनी क्षणभर विचार केला आणि मग जे केलं ते पन्नाशी उलटलेल्या, दोन पेन बाळगणाऱ्या माणसालाच सुचू शकतं. त्यांनी मेलेला थोरला पोऱ्याच्या गळ्यात घातला. त्याच्या डोक्यावर दुसरा फ्लॅश चढवला. या फ्लॅशला मागं एक बारकं टेस्टचं बटण असतं. ते दाबलं की कॅमेरा जिवंत असो नसो, लखकन उजेड पडतो. पोऱ्याला सांगितलं, 'समोर उभा ऱ्हा. डोळा लाव. मधूनमधून बटण दाब. आन् काहीच काढू नको.' पोऱ्याला हे काम त्याच्या आयुष्यातलं सगळ्यात सोपं वाटलं.

मामा स्वतः बाजूला, व्हिडिओवाल्याच्या दिव्याच्या आडोशाला उभे राहिले. धाकट्याचा 'टिट' असा आवाज त्यांनी बंद केला. धाकट्याला आरसा नाही, त्यामुळं खटॅक नाही. फोटो निघाला हे शेजाऱ्यालाही कळत नाही. त्याची एकच खोड. बोट दाबल्यावर फोकस जुळवायला तो जरा वेळ घेतो. पण मामांनी हयातभर मंगलाष्टकं ऐकली होती. शेवटच्या अष्टकात भटजींचा सूर चढायला लागला की बटण अर्धं दाबायचं, 'शुभ मंगल'ला पूर्ण दाबायचं, म्हणजे 'सावधान'ला अक्षता हवेत सापडतात. सापडल्या.

पुढं सगळं लग्न असंच पार पडलं. सप्तपदी, सूनमुख, स्टेजवर आहेर देणाऱ्यांची रांग. समोर पोऱ्या रुबाबात मोठा कॅमेरा डोळ्याला लावून लखकन फ्लॅश मारायचा. पाहुणे त्याच्याकडं बघून ताठ व्हायचे, फ्लॅश पडला की 'झालं' म्हणून सैल पडायचे. त्या सैल पडण्याच्या क्षणी मामा बाजूनं धाकटा दाबायचे. आबांचं समाधान झालं. त्यांनी पोऱ्याला बक्षीस म्हणून पाचशेची नोट दिली. 'मामांपेक्षा पोरगं बरं काढतंय,' असंही म्हणाले.

अल्बम द्यायच्या दिवशी मामा दुकानात देवाला नमस्कार करूनच बसले होते. आबा आले, सोबत पुण्याला आयटीत असलेली पुतणी. पानं उलटायला लागली. एकाही फोटोत एकही माणूस कॅमेऱ्याकडं बघत नव्हता. नवरीची आई पदराच्या टोकानं डोळ्याचा कोपरा टिपतेय. नवरदेव आहेराचं पाकीट बोटांनी चाचपून आत किती असेल त्याचा अंदाज घेतोय. दोन जावा एकमेकींच्या पाटल्या बघतायत. आणि आबा, खुद्द आबा, फेटा काढून टक्कल खाजवतायत.

आबांचा चेहरा लाल झाला. 'सगळे तिकडं कुठं बघायलेत? आन् हे काय काढलंय माझं?'

'काका!' पुतणी ओरडली. 'कँडिड आहेत हे! किती भारी! पुण्यात याचे वेगळे पैसे घेतात!'

आबांनी मामांकडं पाहिलं. मामांनी एका क्षणात दोन्ही चष्म्यांतून जगाकडं पाहावं तसं आबांकडं पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, 'इथंबी घेतेत. म्हणलं, तुमच्याकडून कसं मागावं.'

आबांनी दिले. आबांसारखा माणूस पुण्यापेक्षा कमी देत नाही.

तेव्हापासून मामांच्या दरपत्रकात दोन ओळी आहेत. 'ट्रॅडिशनल' आणि तिच्याखाली, जवळजवळ दुप्पट आकड्यानं, 'कँडिड'. ट्रॅडिशनलला त्यांनी एक सेकंडहँड 70डी घेतला आहे. तो चांगला चालतो आणि त्याच्याविषयी मामा फारसं बोलत नाहीत. जग पुढं गेलंय, फोटोग्राफर आरशाशिवायचे नवे कॅमेरे घेतायत, खिशातले कॅमेरे तर मोबाईलनं खाऊन टाकले. 2010 मध्ये, थोरला-धाकटा जन्मले त्या वर्षी, जगात बारा कोटींहून जास्त डिजिटल कॅमेरे दुकानांकडं रवाना झाले होते. आज त्याच्या पासंगालाही पुरतील इतके जात नाहीत. मामांवर याचा काही परिणाम नाही. कँडिडची ऑर्डर आली की धाकटा पाऊचमधून बाहेर येतो, आणि पोऱ्या मेलेल्या 60डीला फडक्यानं पुसून, फ्लॅश चढवून, गळ्यात घालून समोर उभा राहतो. आता तो चांगला तयार झालाय. मधूनच 'जरा हसा', 'ताई, थोडं इकडं' असंही म्हणतो. लोक त्याचं ऐकतात.

परवा मामा गेटपास भरायला आमच्या ऑफिसात आले तेव्हा काळजीत दिसले. मला वाटलं, धाकट्याला काही झालं.

'धाकट्याचं न्हाई हो. त्याचा जोड मी मागंच घेऊन ठेवलाय, मामींच्या कपाटात. थोरल्याची काळजी लागलीय.'

'थोरला तर मेलाय ना?'

'म्हणून तर. परवा दसऱ्याला पूजेला काढला, पोऱ्यानं गंमत म्हणून बॅटरी घातली, तर आरसा खाली आला. दोन फोटो काढले त्यानं. दोन! आता भर मांडवात हा चालू झाला, आन् पोऱ्या फोटो काढत बसला, तर सगळे पुन्हा कॅमेऱ्यातच बघणार. कँडिड बुडलं.'

मी म्हटलं, मग दुरुस्तीवाल्याकडून कायमचा बंद करून घ्या.

'तसं न्हाई, साहेब. एकावर भरवसा ठेवून जमत नसतंय.' मामांनी इकडंतिकडं पाहिलं आणि आवाज खाली आणला. 'तुमच्या कंपनीत एवढे लोक आहेत. कुणाकडं घरात पडलेला 60डी असला तर सांगा. पण चांगला मेलेला पाहिजे. मधूनमधून चालणारा मला नको.'